न छापायचा फोटो

लक्ष्मीकांत टेंब्याला त्या ऑक्टोबरात एका जागी बसवत नव्हतं. टोपी बाजारात, पहिल्या मजल्यावर त्याचा स्टुडिओ होता आणि खाली जिन्याच्या तोंडाशी एक काचेची शोकेस. दिवसातून वीस वेळा तरी तो खाली उतरायचा, शोकेस उघडायचा, आतला एखादा फोटो बोटभर डावीकडे सरकवायचा आणि वर यायचा. वर आलं की वाटायचं, होता तिथेच बरा होता. मग पुन्हा खाली.

गावच तसं बेचैन होतं. साल एकोणीसशे छप्पन्न. नोव्हेंबरच्या एक तारखेला मध्यभारत हे राज्य संपणार, ग्वाल्हेर नव्या मध्यप्रदेशात जाणार आणि कचेऱ्या भोपाळला हलणार, हे पक्कं झालं होतं. मोतीमहालातल्या सरकारी कचेऱ्यांत फायलींच्या पेट्यांवर खिळे ठोकले जात होते. आणि निघण्यापूर्वी प्रत्येक खात्याला एक ग्रुप फोटो हवा होता. साहेब मधल्या खुर्चीत, हेडक्लार्क त्यांच्या शेजारी, बाकीचे उंचीप्रमाणे मागे, चपरासी दोन्ही कडांना. लक्ष्मीकांत सकाळपासून माणसं ओळीत बसवत होता. “इकडे बघा” म्हणून म्हणून त्याचा घसा बसला होता.

त्याचा मेहुणा रघुनाथराव शिक्षण खात्यात होता, तोही निघाला होता. भोपाळला स्टेशनजवळ एक गाळा पाहून ठेवलाय, असं त्याने दोनदा कळवलं होतं. सगळं सरकार तिकडे गेल्यावर टोपी बाजारात फोटो कोणाचे काढणार, हा त्याचा प्रश्न होता आणि त्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. लक्ष्मीकांतने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. आठ वर्षांपूर्वी एकदा असंच झालं होतं. तेव्हा तो दरबारच्या फोटो विभागात होता. मिरवणुका, शिकारी, आलेले पाहुणे यांचे फोटो काढणं हे त्याचं काम. संस्थान विलीन झालं तसा विभाग बंद झाला आणि टेंबे साहेब रस्त्यावर आले. आता कुठे घडी बसत होती, तोवर पुन्हा सगळं उठून चाललं होतं.

या सगळ्यात एकच काम वेगळं आलं होतं, तेही जानेवारीत. कोल्हापूरच्या एका कॅलेंडरवाल्यांना कोकणातल्या कोळीवाड्यांचे बारा फोटो हवे होते. त्यांचा नेहमीचा फोटोग्राफर आजारी पडला आणि कोणीतरी लक्ष्मीकांतचं नाव सुचवलं. टेंब्यांचे पूर्वज मुळात कोकणातलेच, पण पाच पिढ्यांत तिकडे कोणी फिरकलं नव्हतं. चव्वेचाळीस वर्षांच्या लक्ष्मीकांतने तोवर समुद्र पाहिलेला नव्हता. त्याची बायको पद्मा म्हणाली, जाऊन या, निदान आठ-पंधरा दिवस घरात येरझारा तरी थांबतील.

आगबोटीने तो बंदरोबंदर उतरत गेला. अकरा गावांत त्याने कॅलेंडरवाल्यांना हवे तसेच फोटो काढले. वाकलेले माड, संध्याकाळची शिडं, डोक्यावर पाटी घेऊन हसणाऱ्या कोळणी. फोटो चांगले येत होते. पण काढताना त्याला कळत होतं, की हेही शेवटी ग्रुप फोटोच आहेत, फक्त मागे समुद्र आहे.

बारावं गाव कांदळखोल. हर्णैच्या खाली, खाडीच्या तोंडाशी तीस-चाळीस घरं. तो पोचला तेव्हा सकाळच्या होड्या परतल्या होत्या. बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून पाट्या भरून घेत होत्या. वाळूवर आठ-दहा पुरुष एक लांबलचक ओलं जाळं खांद्यांवर घेऊन ओळीने उभे होते. लक्ष्मीकांतने कॅमेरा छातीशी धरला, वरून आत पाहिलं आणि सवयीने हाक मारली, “इकडे बघा जरा.”

सगळ्यांनी बघितलं. होडीचा मालक कान्होजी तांडेल वळला, पाण्यातल्या बायका वळल्या, दूर होडी ओढणारे दोघं वळले. वळला नाही तो एकच माणूस, जाळ्याच्या ओळीतला चौथा. तो समुद्राकडे तोंड करून तसाच उभा होता. टाचा जुळलेल्या, मान ताठ, जाळ्याची सावली गालावर पडलेली. लक्ष्मीकांतने बटण दाबलं.

काय मिळालं, हे त्याला त्याच क्षणी समजलं. वीस वर्षांत असं दोनदा, फार तर तीनदा झालं असेल. त्याने कॅमेरा खाली घेतला.

तेवढ्यात शेजारच्याने त्या चौथ्या माणसाच्या दंडाला हात लावला. त्याने वळून कॅमेरा पाहिला, खांद्यावरचं जाळं दुसऱ्याकडे दिलं आणि तो सरळ लक्ष्मीकांतकडे चालत आला.

“माझा फोटो खींचला असेल, तर फेकून द्या,” तो म्हणाला. आवाज गरजेपेक्षा मोठा होता.

कोकणात फोटो काढतात. खींचतात तो ग्वाल्हेरात. तीन आठवडे परमुलखात हिंडलेल्या लक्ष्मीकांतला तो शब्द ऐकून इतका आनंद झाला, की बाकीचं वाक्य त्याच्या डोक्यात शिरलंच नाही. तुम्ही ग्वाल्हेरचे का, असं त्याने हसत विचारलं. माणूस त्याच्या ओठांकडे बघत राहिला. लक्ष्मीकांतने पुन्हा, जरा मोठ्याने विचारलं. या वेळी त्या माणसाला कळलं आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

कान्होजीने मधे पडून सांगितलं, की याला ऐकू येत नाही. पाच-सहा वर्षांपूर्वी हा आगबोटीतून उतरला. पूर्वी कुठल्याशा तोफखान्यात होता, तोफांनी कान गेले, एवढंच त्याने एकदा सांगितलं होतं. नाव सांगत नाही, म्हणून सगळे शिपाई म्हणतात. कामाला चोख आहे, कोणाच्या अध्यामध्यात नाही.

माणूस तोवर लक्ष्मीकांतवरची नजर हलवत नव्हता. “छापू नका,” तो म्हणाला. “एवढा शब्द द्या.”

“नाही छापणार,” लक्ष्मीकांत म्हणाला. ओठ नीट वाचता यावेत म्हणून त्याने सावकाश म्हटलं. माणसाने मान हलवली आणि तो जाळ्याकडे परत गेला.

कॅलेंडरवाल्यांना लक्ष्मीकांतने बारावा फोटो म्हणून आणखी एक माड पाठवला. शब्द पाळला. फिल्म मात्र फेकली नाही. फेब्रुवारीत त्याने त्या फोटोची एकच प्रत काढली, स्वतःपुरती, आणि ती टेबलाच्या खणात ठेवली. आठ महिने ती खणात होती. एखाद्या खात्याच्या बाबू लोकांना बसवून उठवून थकला, की तो खण उघडायचा, बघायचा, बंद करायचा. आणि दसऱ्याच्या आधी, एका दुपारी, त्याने ती चौकटीत घालून शोकेसच्या मधोमध लावली.

पद्माला त्या शब्दाची गोष्ट ठाऊक होती. तिने विचारलं, तर तो म्हणाला, लोक गाव सोडून चाललेत, जाण्यापूर्वी एकदा तरी बघू देत, टेंब्याला बाबू ओळीत बसवण्यापलीकडेही काही येतं. आणि बघून बघून कोण बघणार आहे?

“कोणी बघणार नसेल, तर लावता कशाला?” पद्मा म्हणाली.

तो फोटो बोटभर सरकवायला तो खाली गेला. त्या दिवसापासूनच त्याचं ते खाली-वर सुरू झालं होतं.

चौथ्या दिवशी तो खाली आला तेव्हा शोकेससमोर एक बाई उभ्या होत्या. पस्तिशीच्या, डोक्यावरून पदर, हातात भाजीची पिशवी. बाजारात माणसं त्यांना चुकवून जात होती. लक्ष्मीकांत जिन्यातच थांबला. बऱ्याच वेळाने त्या निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा आल्या. तिसऱ्या दिवशी जिना चढून वर आल्या.

त्यांनी आपलं नाव लीला धुमाळ असं सांगितलं. शिंदे की छावनी या वस्तीत राहत होत्या, पिठाच्या गिरणीमागे. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

“खालचा तो समुद्राचा फोटो तुम्ही खींचला?”

लक्ष्मीकांतने टेबलावरचे कागद सारखे केले. हो म्हणाला.

“त्यात जाळं घेऊन चौथे उभे आहेत, ते आमचे आहेत.”

त्याने सावरायचा प्रयत्न केला. ताई, अर्धाच चेहरा दिसतोय, त्यातही सावली आहे, अशा फोटोवरून ओळखणं अवघड असतं, आम्ही या धंद्यातले लोकसुद्धा फसतो. लीलाताईंनी सगळं ऐकून घेतलं.

“चेहऱ्यावरून ओळखलंच नाही,” त्या म्हणाल्या. “सगळे तुमच्याकडे बघून राहिलेत. हे नाही बघत. घरात पण असेच होते. आपण बोलत राहायचं आणि यांनी बघायचं नाही. गाव कोणतं आहे ते?”

आणि लक्ष्मीकांत खोटं बोलला. बारा गावं केली, कोणता फोटो कुठला ते आता ध्यानात नाही, असं म्हणाला. एकदा मोडलेला शब्द तो आता पाळायला बघत होता. लीलाताईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, ध्यानात आलं तर निरोप द्या म्हणून सांगितलं आणि त्या जिना उतरून गेल्या.

पुढचे चार दिवस त्याचे फार वाईट गेले. ग्रुप फोटोत त्याने एका उपसचिवांना मागच्या रांगेत उभं केलं आणि त्यांच्या चपराशाला खुर्ची दिली. जेवताना उठून गॅलरीत जायचा. गावाचं नाव सांगावं, तर त्या माणसाचा विश्वासघात पुरा होत होता. न सांगावं, तर लीलाताईंचे डोळे समोर यायचे. फोटो शोकेसमधून काढून त्याने पुन्हा खणात ठेवला, त्यानेही बरं वाटलं नाही.

पाचव्या दिवशी मुरारच्या लष्करी ठाण्यातून एक सुभेदार आले. पूर्ण वर्दीत, मिशा पिळलेल्या. आपण दौलतसिंह धुमाळ, लीलाताईंचे यजमान जयसिंहराव यांचे थोरले भाऊ, अशी ओळख त्यांनी दिली. फोटो आधीच काढून ठेवलाय, हे पाहून त्यांचा आवाज जरा खाली आला आणि ते बसले.

त्यांच्याकडून लक्ष्मीकांतला सगळं कळलं. धुमाळांच्या घरात सहा पिढ्या फौजेत. दोघंही भाऊ संस्थानच्या फौजेत, दौलतसिंह पायदळात, जयसिंहराव तोफखान्यात. पन्नास साली संस्थानच्या फौजा हिंदुस्थानच्या फौजेत घ्यायच्या ठरल्या, तेव्हा एकेकाला तपासून घेत होते. दौलतसिंह घेतले गेले. जयसिंहरावांना नाकारलं. का नाकारलं, ते त्यांनी घरात शेवटपर्यंत सांगितलं नाही. कागदसुद्धा दाखवला नाही. एका सकाळी, मुरारला काम बघायला जातो म्हणून निघाले, ते आलेच नाहीत.

“आम्ही समजलो, दारू असेल नाही तर काही भानगड,” दौलतसिंह म्हणाले. “वडील त्याच दुःखात गेले. आता माझी बदली झाशीला झाली आहे. लीलाला सोबत नेणार आहे. तिचं मन सहा वर्षांनी कुठे ठिकाणावर आलं होतं, तर तुमचा हा फोटो. परत लावू नका, एवढंच सांगायला आलो.”

ते गेल्यावर लक्ष्मीकांत बराच वेळ खुर्चीत तसाच बसून राहिला. कान गेले म्हणून त्यांना नाकारलं, एवढी साधी गोष्ट सहा वर्षं घरात कोणालाच माहीत नव्हती. आणि त्याला, एका परक्या माणसाला, ती कान्होजी तांडेलाकडून मिळाली होती. गावाचं नाव न सांगण्याचा शब्द त्याने दिला असेल नसेल, पण ही गोष्ट दाबून ठेवायचा शब्द कोणीच मागितला नव्हता.

त्याच संध्याकाळी तो आणि पद्मा टांग्याने शिंदे की छावनीत गेले.

दोन खोल्यांचं घर होतं. लीलाताईंनी पद्माला पाट दिला, त्याला खुर्ची दिली आणि स्वतः मधल्या दाराला टेकून उभ्या राहिल्या. लक्ष्मीकांतने आधी खोटं बोललो ते कबूल केलं. मग शब्दाचं सांगितलं. मग सांगितलं, की हाक मारल्यावर सगळे वळले आणि ते वळले नाहीत, याचं कारण त्यांना हाक ऐकूच गेली नव्हती. तोफांनी दोन्ही कान गेले आहेत. इथून निघाले तेव्हाच गेले असावेत.

लीलाताई दारापासून दूर झाल्या. आत गेल्या, स्टोव्ह पेटवल्याचा आवाज आला, मग विझवल्याचा. परत आल्या तेव्हा हातात काही नव्हतं. या वेळी त्या खाली बसल्या, पद्माजवळ.

त्या सांगू लागल्या ते पद्माला, लक्ष्मीकांतकडे न बघता. शेवटच्या वर्षी जयसिंहराव सुट्टीवर आले, की त्या स्वयंपाकघरातून बोलायच्या आणि बाहेरून उत्तर यायचं नाही. समोर असले, तर हं म्हणायचे, तेही भलत्याच ठिकाणी. आधी त्यांना राग यायचा, मग भीती वाटायला लागली. मूल नव्हतं, त्यामुळे मनात नाही नाही ते यायचं.

“एक दिवस हे बाहेर बसले होते,” लीलाताई म्हणाल्या. “मी या दारामागे उभी राहिले. तोंडावर पूछायची हिंमत नव्हती. आतून विचारलं, तुम्हाला मी नकोशी झाले का? तीनदा विचारलं. हे हलले पण नाहीत.”

पद्माने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

“त्यानंतर मी बोलणं सोडलं. दोन महिने. ज्या दिवशी गेले, तेव्हा पण मी चुलीकडे तोंड करून बसले होते. मुरारला जातो म्हणाले. मी वळले नाही.” मग पहिल्यांदाच त्यांचा आवाज फाटला. “मी बोलायची, ते त्यांना नाही कळलं. पण मी बोलणं सोडलं, ते त्यांना दिसलं असेल.”

बाहेर गिरणी सुरू झाली आणि जमीन हलल्यासारखी वाटायला लागली. लक्ष्मीकांतने खिशातून कागद काढला आणि त्यावर लिहिलं, कांदळखोल, मार्गे हर्णै, जिल्हा रत्नागिरी. कागद त्याने लीलाताईंसमोर ठेवला.

त्या तडक निघतील असं त्याला वाटलं होतं. त्यांनी तसं केलं नाही. तुम्ही एकदा त्यांना न विचारता केलंत, मी पण तसंच करू का, असं त्या म्हणाल्या. आधी चिठ्ठी जाऊ दे. आणि चिठ्ठीसोबत फोटो जाऊ दे, म्हणजे मी तीच आहे की कोणी दुसऱ्यानेच लिहिलंय, असा संशय राहणार नाही.

दुसऱ्या दिवशी त्या स्टुडिओत आल्या. लक्ष्मीकांतने खुर्ची ठेवली, पण त्यांना उभंच राहायचं होतं. पदर नीट करून त्या पडद्यासमोर उभ्या राहिल्या आणि भिंगाकडे अशा बघू लागल्या, की त्याला तोंडातून शब्द काढायची गरजच पडली नाही. हजारो माणसांना त्याने समोर बसवलं होतं. कॅमेऱ्याच्या पलीकडे कोणी खरंच उभं आहे, असं समजून बघणारं माणूस त्याने प्रथमच पाहिलं.

पाकिटात तो फोटो गेला, लीलाताईंची चिठ्ठी गेली आणि लक्ष्मीकांतची एक वेगळी चिठ्ठी. तीत त्याने काय घडलं ते सगळं लिहिलं आणि क्षमा मागितली. चार कागद फाडून पाचवा पाठवला.

एक तारीख आली आणि गेली. मोतीमहालासमोरून ट्रक निघाले, रघुनाथराव सामानासकट गेला आणि जाताना गाळ्याची आठवण करून गेला. दिवाळी आली. दिवाळीत माणसं कमी दिसत होती. लक्ष्मीकांत पोस्टमनची वाट बघत जिन्याच्या खालच्या पायरीवर बसायचा, उठायचा, कोपऱ्यापर्यंत जाऊन यायचा. शोकेसमध्ये आता नवरानवरीचे फोटो होते, त्यांच्याकडे त्याचं लक्षही जात नव्हतं.

चिठ्ठ्या टाकल्यापासून एकविसाव्या दिवशी पाकीट आलं. आत दोन घड्या केलेले कागद. एकावर लीलाताईंचं नाव, दुसऱ्यावर त्याचं. त्याच्या कागदावर दोनच ओळी होत्या. छापणार नाही म्हणाला होतात. कळवून बरं केलंत, असं माझ्याने म्हणवत नाही.

त्याने त्या ओळी पुष्कळदा वाचल्या. मग दुसरा कागद तसाच बंद घेऊन तो छावनीत गेला.

लीलाताईंनी चिठ्ठी उभ्यानेच वाचली, दोन्ही बाजू. त्यात काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. घडी करून त्यांनी ती कमरेला खोचली.

“ते येणार नाहीत,” त्या म्हणाल्या. “ये असं पण लिहिलेलं नाही. नको येऊ असंही नाही. मी जाऊन बघते.”

दौलतसिंहांनी दोन दिवस विरोध केला. अनोळखी मुलूख, कोळ्यांची वस्ती, आणि जो माणूस सहा वर्षं लपून बसला त्याच्या दारात आपण होऊन जायचं. लोक काय म्हणतील, हेही म्हणून झालं. लीलाताईंनी वाद घातला नाही, ट्रंक भरत राहिल्या. पद्माने गिरगावातल्या आपल्या बहिणीला पत्र टाकलं, की यांना मुंबईत उतरवून घ्या आणि हर्णैच्या आगबोटीत बसवून द्या. निघायच्या दिवशी स्टेशनवर दौलतसिंह आले. ते प्लॅटफॉर्मवर वीस हात लांब उभे राहिले. गाडी हलायच्या बेतात असताना पुढे आले आणि खिडकीतून लीलाताईंच्या हातात एक कागद दिला. भावाचा फौजेतला नाकारल्याचा दाखला होता. मुरारच्या कचेरीत अर्ज करून त्यांनी त्याची नक्कल काढवली होती. बहिरेपणामुळे अपात्र, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं.

“त्याला सांग, मी वाचला,” एवढंच ते म्हणाले.

लक्ष्मीकांतनेही एक लहान पाकीट दिलं. त्यात ती फिल्म होती, मूळची, आणि खणातली एकुलती प्रत. त्याच्याकडे आता काही उरलं नव्हतं. देताना हात जड झाला, हे त्याने पद्मालाही सांगितलं नाही. आयुष्यात एकदाच मिळालेली गोष्ट होती ती. पण ज्याची होती त्याने ठेवावी की फाडावी, हे ठरवायचा हक्क त्यालाच होता.

पुढचे दोन महिने काहीच कळलं नाही. टोपी बाजारात गिऱ्हाईक रोडावलं. लक्ष्मीकांत कधी मुरारला जाऊन पलटणीचे फोटो काढायचा, कधी नुसताच किल्ल्याखालच्या रस्त्याने चालत सुटायचा. डोळे मिटले की समुद्र यायचा. माड नाहीत, शिडं नाहीत, नुसतं पाणी आणि वारा. रघुनाथरावाचं भोपाळहून पत्र आलं, त्याला त्याने अखेर नाही म्हणून कळवलं. का, ते त्याला नीट मांडता आलं नाही. पद्माने विचारलं तेव्हा तो म्हणाला, तिकडे जाऊन पुन्हा तीच माणसं त्याच ओळीत बसवायची, तर ती इथून गेलेली काय वाईट. पद्मा हसली. तिला भोपाळला जायचंच नव्हतं.

जानेवारीच्या शेवटी लीलाताईंचं पत्र आलं, पद्माच्या नावाने. कान्होजी तांडेलाच्या घराला लागून एक खोली मिळाली आहे. मासळीचा वास पहिले आठ दिवस सहन होईना, जेवण जाईना. आता नाकाला सवय झाली. इथे वारा इतका, की कान असलेल्यांनाही ऐकू येत नाही, सगळेच हातवारे करून बोलतात, त्यामुळे यांचं इथे बरं चालतं. समोर बसून, सावकाश बोललं की सगळं कळतं. पण एक अडचण आहे, भांडायचं म्हटलं तरी तोंडाकडे बघत भांडावं लागतं. आम्ही पुष्कळ भांडलो. सहा वर्षांचं साठलं होतं. अजून संपलेलं नाही. टेंबे साहेबांवर यांचा राग आहे, तो मी काढायला जात नाही, कारण तो खरा आहे. दाखला वाचून हे दोन दिवस होडीवर गेले नाहीत. पावसाळ्यात परत येईन की इथेच राहीन, ते आज सांगता येत नाही.

आणि शेवटी, जागा संपली म्हणून कडेने आडवं लिहिलं होतं, घरात माझं शिवणाचं मशीन पडलं आहे, ते रेल्वे पार्सलने पाठवता आलं तर पाठवावं.

लक्ष्मीकांतने दौलतसिंहांना निरोप धाडला. त्यांची झाशीची बदली अजून लांबलेलीच होती. रविवारी दोघांनी मिळून मशीन खोललं, चाक वेगळं बांधलं, गोणपाट गुंडाळून लाकडी पेटीत घातलं. फारसं बोलणं झालं नाही. सुभेदार खिळे सरळ ठोकत होते आणि लक्ष्मीकांतचा प्रत्येक दुसरा खिळा वाकत होता. टांग्यातून पेटी स्टेशनवर नेली. पार्सलच्या कचेरीतला बाबू भोपाळचा पत्ता लिहायला लागला, हल्ली सगळं तिकडेच जातंय म्हणाला. लक्ष्मीकांतने त्याला थांबवून पत्ता सांगितला.

बाहेर आल्यावर दौलतसिंहांनी विडी पेटवली आणि विचारलं, त्या गावाला जायचं म्हटलं तर माणसाने कसं जावं. लक्ष्मीकांत सांगू लागला. मुंबईला उतरायचं, धक्क्यावर जायचं, आगबोट सकाळी सुटते. हर्णैला बोट लांब उभी राहते, तिथून पडावात, लहान होडीत, उतरावं लागतं, पाय भिजतात. मग किनाऱ्याने दक्षिणेला चालायचं, खाडी येईपर्यंत. सांगून भागेना, म्हणून त्याने पार्सलच्या पावतीच्या मागे नकाशा काढून दिला. सुभेदारांनी तो उलटसुलट करून पाहिला, खाडी कुठून ओलांडायची ते पुन्हा एकदा विचारलं आणि पावती वर्दीच्या आतल्या खिशात ठेवली.